चौऱ्याऐंशी किलोची अट

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि माझ्या वजनाला आमच्या घरात पहिल्यांदाच महत्त्व आलं. तोवर ते फक्त चेष्टेच्या कामाचं होतं. पाच वर्षांचा असताना त्यानं मला 'ढब्बू' म्हटलं, घरादाराला ते फार आवडलं, आणि आता मी सत्तेचाळीस वर्षांची झाले तरी ते नाव काही सुटलेलं नाही.

तपासण्या सगळ्यांच्या झाल्या. आईला मधुमेह, ती पहिल्याच दिवशी बाद. वहिनीचं, म्हणजे भावाच्या बायकोचं, रक्त जुळेना. माझं जुळलं, आणि इतकं छान जुळलं की डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसले. "बहिणीची किडनी उत्तम बसेल," ते म्हणाले. "अडचण एकच. वजन शहाण्णव आहे. चौऱ्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय आम्ही दात्याला टेबलावर घेत नाही. धोका तुम्हालाच आहे." भावाचं हृदय अजून धड होतं, पण किती दिवस धड राहील ते सांगता येत नव्हतं. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि पाणी घोट मोजून प्यायचं, असे त्याचे दिवस चालले होते. डॉक्टरांनी मला पाच महिने दिले.

"म्हणजे सगळं हिच्या तोंडावर आलं," भाऊ म्हणाला आणि हसला. आई हसली, वहिनी हसली. मीही हसले, कारण चाळीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. बाहेर आल्यावर आईनं माझा दंड धरला. म्हणाली, "आता तरी जिभेला लगाम घाल. या वेळी प्रश्न तुझा नाहीये."

रुग्णालयानं मला एका समुपदेशक बाईकडे धाडलं. मला वाटलं, ही आता काय खायचं आणि काय नाही याची यादी हातात ठेवणार. ती यादी मला तोंडपाठ होती. जाड पोरीला ती लहानपणापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण न मागता देतो. पण या बाईनं यादी दिलीच नाही. तिनं मधोमध रेघ मारलेली एक वही दिली.

"डावीकडे, खाण्याआधी मनात जे येतं ते लिहायचं. जसंच्या तसं, सजवायचं नाही," ती म्हणाली. "उजवीकडे त्याला उत्तर. तो विचार खरा आहे का, त्याला पुरावा काय, आणि तुमच्या मैत्रिणीनं हेच बोलून दाखवलं असतं तर तुम्ही तिला काय सांगितलं असतं, एवढंच बघायचं."

"मैत्रीणच नसेल तर?"

"मग कॅंटीनमध्ये तुमच्या हाताखाली बायका आहेत ना, त्यांना काय सांगाल ते लिहा, ताई."

तिच्या कानामागे कायम पेन्सिल खोचलेली असायची, म्हणून मी मनातल्या मनात तिला पेन्सिलबाई करून टाकलं. घरातून मला दुसरं काही मिळालं नसेल, पण लोकांना नावं पाडायची खोड मिळालीय.

मी टायरच्या कारखान्यातल्या कॅंटीनची मुख्य आचारी आहे. दुपारी सहाशे ताटं, अकरा मोठी पातेली, हाताखाली सात बायका. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतेय, आणि एकाही दिवशी जेवण उशिरा गेलेलं नाही. दिवसभर अन्नात हात असणाऱ्या बाईला खाण्याचे विचार लिहून काढ म्हणणं हा शुद्ध छळ आहे. पण खरं सांगते, मला त्या वहीची गोडी लागली. डावीकडे लिहिलं, 'सकाळपासून राबतेय, एक तुकडा माझ्या हक्काचा आहे.' उजवीकडे लिहिलं, 'राबलीस त्याचा हक्क खुर्चीचा. जाऊन बस.' डावीकडे, 'टाकून देण्यापेक्षा पोटात गेलेलं बरं.' उजवीकडे, 'मी कचऱ्याचा डबा नाही.' डावीकडे, 'आजचा दिवस मोडलाच आहे, आता उद्यापासून.' त्याला तर उत्तर शोधावंच लागलं नाही, समोरच होतं. एक अंडं फुटलं म्हणून मी उरलेला ट्रे जमिनीवर आपटते का?

फक्त एका वाक्यानं मला अडवलं. 'मी जन्माचीच अशी, माझ्याच्यानं काही व्हायचं नाही.' दोन दिवस उजवी बाजू कोरी राहिली. पेन्सिलबाईनं ते वाचून विचारलं, "हे कोणाच्या आवाजात ऐकू येतं तुम्हाला?" मी कान देऊन ऐकलं, तर ते आईच्या आवाजात होतं. मग उजवीकडे लिहिलं, 'हे मी म्हणत नाहीये.' ते लिहून झाल्यावर मला कितीतरी वेळ उगाचच रडू येत होतं.

पहिल्या महिन्यात पाच किलो उतरले. नंतर काटा एक्क्याण्णववर जाऊन जो बसला तो तीन आठवडे ढिम्म. दर गुरुवारी वजनाला वहिनी माझ्याबरोबर यायची, सोबत म्हणून असं म्हणायची, आणि माझ्या आधी वाकून आकडा बघायची. भावाचा रोज संध्याकाळी फोन. "किती?" एवढंच. बरी आहेस का, दमलीस का, काही नाही. मी आकडा सांगायची, तो "हं" म्हणायचा.

"तुम्ही दुपारी तीनपर्यंत काय खाता?" पेन्सिलबाईनं एकदा विचारलं.

"काही नाही. आचाऱ्यानं जेवणाऱ्यांच्या आधी जेवायचं नसतं."

"काहीच नाही?"

"नुसती चव घेते."

"म्हणजे किती?"

"चव म्हणजे चव, बाई. तिला किती कसं असेल?"

मी चिडलेच होते. मला ज्यांनी हे काम शिकवलं त्या थोरल्या आचाऱ्यांचा नियमच होता की तळहातावर थेंब घेऊन चाटायचं नाही. थेंबाची चव फसवते. जेवणारा थेंब खात नाही, घास खातो, म्हणून आपणही घासच घ्यायचा. प्रत्येक पातेल्यातून तीन वेळा घ्यायचा, फोडणी बसल्यावर, अर्धं शिजल्यावर आणि उतरवण्याआधी. मी अठ्ठावीस वर्षांत तो नियम एकदाही मोडला नव्हता, आणि त्या घासांना जेवण म्हणायचं कधी मनातही आलं नव्हतं. ते काम होतं. सुतारानं लाकडावर हात फिरवला तर त्याला कोणी लाकूड खाल्लं म्हणतं का?

पेन्सिलबाई वाद घालत बसली नाही. म्हणाली, "उद्या एक दिवस एक करा. जेवढा घास तोंडात घालाल तेवढाच दुसरा एका रिकाम्या भांड्यात टाका. बस."

मी ओट्याच्या कडेला एक मधलं पातेलं ठेवलं. पळीभर सूप मला, पळीभर त्याला. चमचाभर भात मला, चमचाभर त्याला. बटाटे, मासळीचा रस्सा, डाळ, सॉस, अंड्याचं पुडिंग. पुडिंगची चव चार वेळा घेतली, कारण साखर दगा देते. सकाळी अकरापर्यंत मी पातेल्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. दोन वाजता शेवटची पाळी जेवून गेली, बायका भांडी घासायला लागल्या, तेव्हा माझ्या हाताखालची सगळ्यात जुनी बाई, जिला सगळे मावशी म्हणतात, ती ते पातेलं दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली.

"बाई, हे कोणासाठी काढून ठेवलंय? दोघांचं जेवण आहे की. आणि असं कालवलंय कोणी?"

भात सुपात भिजला होता, पुडिंगवर मासळीचा तवंग आला होता. ते माझ्या पोटातही तसंच होतं आणि रोज असायचं. वर तीन वाजता मी शहाण्यासारखी वाटीभर भाजी आणि एक पोळी घेऊन बसायची आणि ती वहीत लिहायची. इतकी वर्षं मी लोकांना छातीठोकपणे सांगत आले की माझी हाडंच जाड, मी तर तीनपर्यंत उपाशी असते. मी खोटं बोलत नव्हते, आणि याचीच मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पळी मावशीच्या हातात दिली. आचाऱ्यानं पळी सोडायची म्हणजे काय ते दुसऱ्याला कळायचं नाही. मी पातेल्याशेजारी उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत बसायची.

"मीठ?"

"बरंय."

"बरंय म्हणजे? कमी का जास्त?"

"बरंय म्हणजे बरंय, बाई. खाणाऱ्याला काय कळतंय."

पहिल्या आठवड्यात दोनदा सूप खारट गेलं. कॅंटीनच्या व्यवस्थापकांनी बोलावून विचारलं, तब्येत ठीक आहे ना. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पण काटा हलला. नव्वद, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी. तीन महिने संपायच्या आत मी शहाऐंशीवर आले आणि गणवेशाच्या पॅंटला नाडी घालावी लागली.

आता घरच्यांचं प्रेम उतू चाललं. आई दर रविवारी डबा घेऊन माझ्या खोलीवर यायला लागली. ती भावाकडे राहते, माझ्याकडे यायचं म्हणजे दोन बस बदलाव्या लागतात, आणि याआधी ती वर्षातून एखाद्या वेळी यायची. तिनं माझ्यासाठी म्हणून वेगळं काही शिजवलं, असं माझ्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं. पहिल्या रविवारी डब्याचं झाकण उघडलं तेव्हा माझे डोळे भरून आले. आई म्हणाली, "मीठ नाही घातलेलं. वजन वाढवतं म्हणे."

एका रविवारी मी तिला म्हटलं, "शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे मला जड उचलायचं नाहीये. सुरुवातीला तर उठता-बसतानाही कोणीतरी लागेल. मी तुमच्याकडेच येऊन राहीन म्हणते."

आईनं डबा पुसायला घेतला. "अगं, त्याला संसर्ग व्हायला नको ना. डॉक्टरांनी सांगितलंय, घरात जास्तीचं माणूस नको. तू इथेच बरी. तुझ्या त्या मावशीला सांग की, येईल ती."

आईला वाटलं असावं की काहीतरी चांगलं बोलायला हवं. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुझं लग्न झालं नाही म्हणून मी किती रडलेय ते माझं मलाच माहीत. आता कळतं बघ, देवानं तुला मोकळी कशासाठी ठेवली. नवरा-पोरं असती तर त्यांनी हे होऊ दिलं असतं का?"

हे तिनं लाडानं म्हटलं. चिडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. ती गेल्यावर मी दार लावलं आणि पलंगावर बसून राहिले. माझं उभं आयुष्य म्हणजे कोणाच्यातरी गरजेसाठी फडताळात राखून ठेवलेली वस्तू, असं माझ्याच आईला वाटत होतं आणि त्यात तिला समाधानही होतं. मला एवढा राग कधी आला नव्हता.

त्या गुरुवारी वजन पंच्याऐंशी किलो दोनशे भरलं. वहिनीनं तिथल्या तिथे भावाला फोन लावला. शुक्रवारी सकाळी मी मावशीच्या हातातून पळी काढून घेतली.

"तुम्हीच बघणार आता?" मावशीनं विचारलं.

"सूप खारट जातंय," मी म्हटलं.

अकरा पातेली, प्रत्येकी तीन घास. आता ते काय आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. पुडिंगचे तर मी सहा घास घेतले, आणि संध्याकाळी वहीत इमानानं लिहिलं, 'एका तुकड्यानं काय होतंय.' उजवीकडे त्याचं चोख उत्तरही लिहिलं. तिथवर मला उत्तरं लिहायचा चांगलाच सराव झाला होता. पुढच्या गुरुवारी काटा शहाऐंशीवर गेला, त्याच्या पुढच्या गुरुवारी सत्त्याऐंशीच्या वर. वहिनी काट्याशेजारी उभी राहून म्हणाली, "ताई, तुम्हाला माणसाच्या जिवाची काही किंमत?" आणि तेव्हापासून तिनं सोबत यायचं बंद केलं. भावानं फोनवर मला आकडा दोनदा सांगायला लावला. मग म्हणाला, "ढब्बू, वर कसं गेलं गं?" मी म्हटलं, पाणी साठलं असेल.

पेन्सिलबाईनं त्या दोन आठवड्यांची पानं वाचली. "उत्तरं झकास आहेत," ती म्हणाली. "पण डावी बाजू मला खरी वाटत नाही. ही सगळी पहिल्या महिन्यातली वाक्यं आहेत, आणि तुम्ही त्यांच्या केव्हाच पुढे गेलात. आकडा चौऱ्याऐंशीजवळ आला तेव्हा मनात काय आलं?"

ती पेन्सिल पुढे करून थांबली. मी घेतली आणि डावीकडे लिहिलं, 'मला किडनी द्यायची नाहीये.'

आता ही उजवीकडे काय लिहायला लावणार, याच्या भीतीनं मी वर बघितलं नाही. भावासाठी एवढंही नाही का, मैत्रिणीला काय सांगाल, पुरावा काय, सगळं डोक्यात आलं. पण ती म्हणाली, "हा विचार खोटा आहे का?"

"नाही."

"मग त्याला उत्तर लागत नाही." तिनं वही मिटली. "ताई, इथे कोणावर सक्ती नसते. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही घरच्यांना फक्त एवढंच कळवतो, की दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. कारण कोणालाही सांगत नाही. भावाचं नाव प्रतीक्षा यादीत आहेच, आणि मशीन चालूच राहील. तुमच्यावर कोणी बोट दाखवणार नाही."

जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की बारा किलो तिथेच उतरले म्हणाना. पण खालच्या पायरीवर आले आणि डोक्यात लख्ख उजाडलं. योग्य नाही, असं रुग्णालय सांगेल, आणि कारण सांगणार नाही. त्यांना कारण सांगायची गरजच काय? माझ्याकडे बघितलं की झालं. भाऊ तिकडे सुया टोचून घेत होता आणि हिला पुडिंग सोडवेना, असंच सगळे म्हणतील. मी मरेपर्यंत म्हणतील आणि मेल्यावर खांदा देतानाही म्हणतील. माझा नकारसुद्धा माझा राहणार नव्हता, तोही माझ्या पोटाच्या नावावर जाणार होता.

मला 'नाही' म्हणायचं होतं, पण बारीक होऊन म्हणायचं होतं. हट्ट म्हणा हवं तर. मी पळी पुन्हा मावशीच्या हातात दिली.

पुढचे सहा आठवडे माझं पाऊल एकदाही घसरलं नाही. मी दगड नाहीये. या दिवसांत दोनदा मी भावाला मशीनवर बघून आले. त्याचे पाय सुजून बुटात मावत नव्हते, ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि ब्लॅंकेट गळ्यापर्यंत ओढूनही तो कुडकुडत होता. लहानपणी मी याला कडेवर घेऊन फिरले होते. घरी येताना मनात यायचं, कोणी मला एकदा नुसतं विचारलं असतं तर? पाच महिने सगळे वजन विचारत होते. देशील का, असं कोणीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हटलं असतं, असं मला खरोखर वाटायचं.

शेवटच्या गुरुवारी डॉक्टरांच्या खोलीत मी एकटीच काट्यावर उभी राहिले. त्र्याऐंशी किलो सहाशे. डॉक्टर टाळी वाजवायचेच बाकी होते. मी म्हटलं, "भावाशी बोलून येते."

आई आणि वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना काही न सांगता मशीनच्या दालनात गेले. भाऊ डोळे मिटून पडला होता.

"त्र्याऐंशी सहाशे," मी म्हटलं.

तो उठून बसायला गेला, हाताच्या नळ्या ताणल्या गेल्या, नर्स ओरडली. "खरंच? मग तारीख कधीची म्हणाले?"

"तू मला अजून विचारलं नाहीस."

"काय विचारलं नाही?"

"देशील का, असं."

तो हसला. "ढब्बू, आता नाटकं नकोत हं."

"विचार."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्याचं हसू मावळलं. तो मशीनच्या फिरत्या चाकाकडे बघायला लागला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर?"

"म्हणून तर विचारायचं असतं."

"रोज फोन करत होतो ते काय वाटलं तुला? ते विचारायची छाती होत नव्हती म्हणून वजन विचारत होतो." तोंडावर ब्लॅंकेट ओढल्यासारखं करून तो म्हणाला, "देशील का मला?"

एवढ्याचीच मी वाट बघत होते. हा प्रश्न आला की मनातलं सगळं विरघळेल आणि हो तोंडातून आपोआप येईल, अशी माझी समजूत होती. मी थांबले. ते आलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटते. आणि भीतीपेक्षा राग जास्त आहे. एवढा राग घेऊन मी त्या टेबलावर झोपणार नाही."

तो "बरं" म्हणाला आणि भिंतीकडे वळला. मशीन थांबेपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसून राहिले.

तो भिंतीला धरत धरत बाहेर आला तेव्हा आई ताडकन उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "नाही जमलं. हिचं वजन दीड किलोनं राहिलं. डॉक्टर म्हणतात, आता हिचं नाव सोडा."

त्याची नजर जमिनीवर होती. त्यानं मला वाचवलं की स्वतःला, ते मला आजही कळलेलं नाही. सख्ख्या बहिणीनं नाही म्हटलं, हे सांगण्यापेक्षा ती खादाड आहे हे सांगणं त्याला सोपं गेलं असेल.

"दीड किलो?" आईचा आवाज चिरकला. "भाऊ मरणाच्या दारात, आणि तुला दीड किलो तोंड आवरता आलं नाही?"

"वजन झालंय, आई," मी म्हटलं. "त्र्याऐंशी सहाशे. आत जाऊन विचार. मीच नाही म्हटलं."

आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझे कपडे अंगावर लोंबत होते, गालफडं बसली होती. ती बघत राहिली, आणि हळूहळू तिचा राग ओसरला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "लाज वाटते म्हणून असलं काहीबाही बोलू नये. तू नाही म्हणणारी पोर नाहीस, हे काय मला माहीत नाही? तुझी जीभच वाईट, मन नाही."

"आई, मी नाही म्हटलं. त्यानं विचारलं आणि मी नाही म्हटलं. सांग ना रे तिला."

भाऊ वहिनीच्या खांद्याला धरून चालू लागला होता. आई माझी पाठ थोपटत होती, लहान मुलाची थोपटावी तशी. "झालं ते झालं. चल आता घरी. पाच महिने पोट मारलंस, आता कशाला? पोटभर जेवून जा."

"नको," मी म्हटलं. "मला जेवायचं नाही."

आईचा हात थांबला. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काळजी दिसली. तिनं जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला.